दोरीवरच्या पिना आणि बोलिंगमधली ‘फसवणूक’

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे एका पालकांची तक्रार प्रसिद्ध झाली होती. मुलांना सुट्टीत मॉलमधल्या बोलिंगला नेले असता तिथल्या पिनांच्या, म्हणजे बॉलने पाडायच्या बाटलीसारख्या खुंट्यांच्या, डोक्याला दोऱ्या बांधलेल्या दिसल्या, बॉल टाकून झाल्यावर त्या सगळ्या पिना दोऱ्यांनीच वर ओढल्या गेल्या, आणि एवढे पैसे मोजून आपल्याला खऱ्या बोलिंगऐवजी नकली खेळ खेळायला लावला, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांची नाराजी मला समजते, कारण लेनच्या, म्हणजे बॉल घरंगळत जातो त्या लांब पट्टीच्या, टोकाला काळ्या पडद्यामागे काय चालते हे गिऱ्हाइकाला सांगायला तिथे कोणी नसते आणि काउंटरवरच्या मुलामुलींनाही ते बहुधा माहीत नसते. मी परळच्या एका कापड गिरणीत मेंटेनन्स खात्यात होतो, आणि गिरणी बंद पडल्यावर काही वर्षे शहरातल्या एका बोलिंग केंद्रात यंत्रांच्या मागच्या बाजूला काम केले. दोरीचे आणि बिनदोरीचे, अशा दोन्ही प्रकारच्या यंत्रांत हात घातलेला असल्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याचे धाडस करतो. दोरीच्या यंत्रात लबाडी काहीच नाही. मात्र ते दोरीचे आहे हे न सांगणे आणि त्यावर मिळालेले गुण दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावरच्या गुणांशेजारी मांडणे, या दोन्ही गोष्टी गैर आहेत, असे माझे मत आहे.

यंत्राकडून अपेक्षा काय असते, ते आधी पाहू. दहा पिनांच्या बोलिंगमध्ये फाउलच्या रेषेपासून, म्हणजे बॉल टाकताना जी ओलांडायची नसते तिथपासून, पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते आणि लेनची रुंदी साडेएकेचाळीस इंच. दहा पिना समभुज त्रिकोणात उभ्या असतात आणि शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत नेमके १२ इंच अंतर असते. पिनची उंची १५ इंच आणि वजन साधारण दीड किलो किंवा किंचित जास्त. समोरून येणारा बॉल साडेआठ इंच व्यासाचा आणि जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पाळीत, खेळाडूला दोन वेळा बॉल टाकता येतो. पहिल्या बॉलला सगळ्या पिना पडल्या तर स्ट्राइक, उरलेल्या दुसऱ्या बॉलला पडल्या तर स्पेअर. याचा अर्थ असा की पहिल्या बॉलनंतर कोणीतरी पडलेल्या पिना बाजूला करून उभ्या राहिलेल्या जागच्या जागी ठेवायच्या, आणि दुसऱ्या बॉलनंतर दहाच्या दहा पुन्हा त्याच मापाने मांडायच्या. मांडणी थोडीशी चुकली तरी पिना एकमेकींवर आदळण्याचे कोन बदलतात आणि चांगल्या बॉललाही हवे ते फळ मिळत नाही.

पूर्वी हे काम माणसे करत, आणि माणसे म्हणण्यापेक्षा मुले. अमेरिकेत त्यांना पिनबॉय म्हणत. लेनच्या शेवटी खड्ड्याच्या वर एका कडेवर पाय वर घेऊन बसायचे, बॉल येऊन आदळला की खाली उडी मारायची, पडलेल्या पिना उचलायच्या, जड बॉल परतीच्या घसरगुंडीवर ठेवायचा आणि पुढचा बॉल यायच्या आत पुन्हा वर चढायचे. लुईस हाइन या छायाचित्रकाराने १९१० च्या सुमारास बालमजुरीविरुद्धच्या मोहिमेसाठी ब्रुकलिनमध्ये रात्री उशिरापर्यंत हे काम करणाऱ्या लहान मुलांची छायाचित्रे काढली आहेत. पिना मांडणाऱ्या यंत्राने बोलिंगमधला काय आनंद हिरावला असे कोणी म्हणू लागले, की मला ती चित्रे आठवतात.

पूर्ण स्वयंचलित यंत्राची कल्पना गॉटफ्रीड श्मिट या अमेरिकी तंत्रज्ञाने प्रत्यक्षात आणली. त्याचे हक्क अमेरिकन मशीन अँड फाउंड्री, म्हणजे एएमएफ, या कंपनीने घेतले, १९४६ मध्ये बफेलो शहरात ते यंत्र लोकांना दाखवले आणि १९५२ पासून व्यापारी वापरासाठी बसवायला सुरुवात केली. पुढे काही वर्षांतच ब्रन्सविक ही दुसरी मोठी कंपनी आपले यंत्र घेऊन बाजारात उतरली. ही सगळी बिनदोरीची यंत्रे. त्यांत पिना मोकळ्या असतात, पडतात, उडतात, बाजूच्या भिंतींवर आदळून परत येतात आणि शेवटी बॉलबरोबर मागच्या खड्ड्यात जातात. बॉल टाकल्यावर एक आडवी दांडी खाली येते. वरून एक टेबल उतरते, उभ्या पिनांना मानेशी धरून उचलते, दांडी पडलेल्या पिना मागे लोटते, आणि टेबल उचललेल्या पिना पुन्हा खाली ठेवते. खड्ड्यात सरकता पट्टा असतो. तो बॉल आणि पिना मागे नेतो, बॉल वेगळा होऊन परतीच्या वाटेला लागतो, पिना एका फिरत्या चाकातून वर चढतात, आणि मग वाटप करणारा एक हात प्रत्येक पिन बुडाकडची बाजू पुढे करून टेबलाच्या घरात सोडतो. पुढची मांडणी तयार ठेवायची असल्यामुळे एका लेनसाठी दहा पिना पुरत नाहीत, जवळजवळ दोन संच सतत फिरते ठेवावे लागतात. पट्टे, साखळ्या, गियर, स्प्रिंगा आणि क्लच यांचा हा सारा संसार लेन चालू असेपर्यंत अखंड फिरत असतो. एखादी पिन चाकात आडवी अडकली की लेन बंद, आणि मागे उभ्या असलेल्या मेकॅनिकची धावपळ सुरू.

आता दोरीचे यंत्र. त्यात पिन तीच, त्याच उंचीची. फक्त तिच्या डोक्यात भोक पाडून त्यातून एक बारीक पण चिवट विणीव दोरी ओवलेली असते. ती दोरी सरळ वर जाते. वर एका पाटावर दहा भोके असतात, दहा पिनांच्या जागांच्या बरोबर माथ्यावर, आणि प्रत्येक भोकाला नरसाळ्यासारखा किंवा नळीसारखा एक कप असतो. दोरी त्या कपातून जाऊन कप्प्यांवरून ओढणाऱ्या यंत्रणेकडे वळते. काही यंत्रांत एकच मोटर सगळ्या दोऱ्या एकदम ओढते आणि प्रत्येक दोरीला स्वतंत्र, विजेवर चालणारा अडसर असतो. काहींत प्रत्येक दोरीला स्वतःची छोटी मोटर असते. तत्त्व दोन्हीकडे एकच.

बॉल पिनांवर आदळल्यावर यंत्र काही क्षण थांबते, कारण डुलणारी पिन पडायला वेळ घेते आणि तेवढा वेळ खेळाडूच्या हक्काचा असतो. मग समोर आडपडदा खाली येतो, म्हणजे चुकून आलेला दुसरा बॉल लोंबत्या पिनांवर जाणार नाही. त्यानंतर दहाच्या दहा दोऱ्या वर ओढल्या जातात, उभ्या पिना आणि पडलेल्या पिना सगळ्या एकत्र. वर जाताना प्रत्येक पिनचे डोके आपापल्या कपात शिरते, तिचे हेलकावे थांबतात आणि ती सरळ लोंबू लागते. आता ज्या पडल्या होत्या त्यांच्या दोऱ्यांना अडसर लागतो, उरलेल्या दोऱ्या सैल सोडल्या जातात, आणि उभ्या असलेल्या पिना हळूहळू आपल्या मूळ जागेवर उतरतात. दुसऱ्या बॉलनंतर पुन्हा सगळ्या वर जातात आणि अडसर काढून सगळ्या खाली येतात. आमच्या गिरणीत जॅकार्डच्या मागावर ताण्याच्या धाग्यांना वरून दोऱ्या असत आणि कार्डावरची भोके ठरवत की त्यांतल्या कोणत्या उचलायच्या व कोणत्या खाली राहू द्यायच्या. पहिल्यांदा हे बोलिंगचे यंत्र उघडून पाहिले तेव्हा मला त्या मागाचाच भास झाला, फक्त इथे क्रम उलटा: आधी सगळ्या उचलायच्या आणि मग निवडक सोडायच्या.

पण कोणती पिन पडली आणि कोणती उभी आहे, हे यंत्राला कळते कसे? पत्र लिहिणाऱ्या पालकांना ही बाब सर्वांत संशयास्पद वाटली होती, म्हणून ती नीट सांगतो. दोरीला जाणूनबुजून ढील ठेवलेली असते, आणि पिनने ती खेचली की कप्पीजवळचा सेन्सर किती दोरी गेली हे ओळखतो. पिन नुसती सरकली आणि पिन पडली, या दोन गोष्टींत दोरीच्या हिशेबाने फार मोठा फरक असतो. समजा, वरचे भोक उभ्या पिनच्या डोक्यापासून मीटरभर उंचीवर आहे. बॉलचा किंवा दुसऱ्या पिनचा धक्का लागून एखादी पिन सात सेंटिमीटर बाजूला सरकली आणि तशीच उभी राहिली, तर भोकापासून डोक्यापर्यंतचे अंतर अवघे अडीच मिलिमीटर वाढते. तीच पिन जागच्या जागी आडवी पडली तर डोके सुमारे ३३ सेंटिमीटर खाली आणि जवळजवळ ३८ सेंटिमीटर बाजूला जाते, आणि अंतर ३८ सेंटिमीटरांच्या आसपास वाढते. अडीच मिलिमीटर आणि ३८ सेंटिमीटर यांच्या मध्ये कुठेही रेघ ओढली तरी निवाडा बरोबर येतो. पिन साधारण दहा अंशांच्या आसपास कलली की तोल जाऊन पडतेच, त्यामुळे अर्धवट स्थितीत राहणाऱ्या पिना थोड्याच. म्हणजे यंत्र मनमानी आकडा दाखवत नाही. भूमितीनेच त्याचे काम सोपे करून ठेवले आहे.

तरी यंत्र चुकतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. उडालेली पिन आपल्या दोरीने शेजारच्या उभ्या पिनची दोरी खेचते, तेव्हा ती उभी असूनही सेन्सरला ती पडल्यासारखी वाटू शकते. अशा वेळी पडद्यावरचा आकडा डोळ्यांनी पाहिलेल्याशी जुळत नाही आणि काउंटरवर जाऊन तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. दुसरी अडचण गुंत्याची. दोन-तीन पिना एकमेकींभोवती फिरल्या की दोऱ्यांना पीळ पडतो आणि त्या पुरत्या वर येत नाहीत. पिन ठरलेल्या उंचीला पोहोचली नाही हे यंत्राला समजते, आणि मग ते दोऱ्या थोड्या सोडून पुन्हा ओढते, झटके देते, पुन्हा सोडते. बहुतेक गुंते याने सुटतात. जे सुटत नाहीत त्यांच्यासाठी माणूस लागतो, पण ते काम हाताने गाठ सोडवण्याचे आहे. गियर उघडण्याचे नाही.

दोरीला ढील किती ठेवायची, ही या यंत्रातली खरी मेख आहे. ढील कमी ठेवली तर गुंते कमी होतात, पण पिन उडायच्या आतच दोरी ताणली जाते आणि तिचा मार्ग अडतो. ढील वाढवली तर पिना मोकळ्या पिनांसारख्या वागू लागतात, पण मग दोऱ्या एकमेकींत जास्त अडकतात. केंद्र चालवणाऱ्याला अर्थातच गुंते नको असतात, कारण गुंता म्हणजे थांबलेली लेन. त्यामुळे जिथे विचारणारे कोणी नाही तिथे दोऱ्या आखूड होत जातात, आणि खेळ हळूहळू बिघडतो. पालकांनी तक्रार करायचीच असेल तर ती या मुद्द्यावर करावी, असे मला वाटते.

खेळावर दोरीचा परिणाम होतो का? होतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. बिनदोरीच्या यंत्रात एखादी पिन बाजूच्या भिंतीवर आपटून आडवी लोळत परत येते आणि शेवटची उभी पिन पाडते. बोलिंग पाहणाऱ्याला अशा क्षणी टाळी वाजवावीशी वाटते. दोरीवरच्या पिनला इतके स्वातंत्र्य नसते. उलट कधी कधी उडणाऱ्या पिनची दोरी दुसऱ्या पिनला अडकून तिला खाली ओढते, आणि खेळाडूला न कमावलेली पिन मिळते. सरकलेल्या पिनचा फरक तर आणखी स्पष्ट आहे. बिनदोरीचे यंत्र सरकलेली पिन तिच्या सरकलेल्या जागेवरून उचलते आणि तिथेच परत ठेवते, त्यामुळे स्पेअर साधताना खेळाडूला नव्या जागेचा अंदाज घ्यावा लागतो. दोरीच्या यंत्रात वर जाऊन आलेली पिन नेहमी मूळ खुणेवरच उतरते. कोणाला हे सोयीचे वाटेल, कोणाला अन्यायाचे. पण दोन्ही ठिकाणचा दुसरा बॉल सारखा नाही, एवढे निश्चित.

अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या नियामक संस्थेने याची रीतसर चाचणी घेतली. दोरीच्या लेनवर स्ट्राइकचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी कमी आणि खेळाडूंची दर खेळामागची सरासरी जवळजवळ १० पिनांनी कमी आढळली. त्यानंतर २०२३ मध्ये त्या संस्थेने दोरीच्या बोलिंगला मान्यता दिली, पण स्वतंत्र प्रकार म्हणून. मला हा निर्णय अतिशय समंजस वाटतो. त्यांनी दोरीला नकली म्हणून हाकलले नाही, आणि दोन्ही गुण एकाच वहीत लिहायलाही परवानगी दिली नाही.

दोरी ही हल्लीच निघालेली काटकसरीची युक्ती आहे, हा समजही खरा नाही. जर्मनी आणि आसपासच्या देशांत नऊ पिनांचा जो खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो, त्यात दोरीची यंत्रे अनेक दशके वापरात आहेत आणि तिथल्या अधिकृत स्पर्धाही दोरीवरच होतात. टोरोंटोमध्ये टॉमस रायन यांनी १९०९ मध्ये पाच पिनांचा, हातात मावणाऱ्या छोट्या बॉलचा खेळ सुरू केला. कॅनडाभर पसरलेल्या त्या खेळातही दोरीच्या पिना नेहमीच्याच आहेत. तिथला खेळाडू दोरी पाहून दचकत नाही, कारण त्याच्या लेखी खेळ सुरुवातीपासून तसाच आहे. आपल्याकडे मात्र परदेशी सामन्यांच्या चित्रफिती पाहून मोकळ्या पिनांची अपेक्षा मनात तयार झालेली असते.

मुंबईपुरते बोलायचे तर माझा कल दोरीच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणे मला यंत्राच्या मागे उभे राहून कळली आहेत. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात गेल्या शतकाच्या अखेरीस बोलिंग आले, तेव्हा गिरणगावातल्या लोकांना त्या दुधाळ प्रकाशातल्या लेनचे मोठे अप्रूप होते. पण ज्या शहरात दुकानाच्या दराने वीज घ्यावी लागते आणि जागेचे भाडे दर चौरस फुटाला मोजले जाते, तिथे बिनदोरीचे यंत्र सांभाळणे हा एक पांढरा हत्तीच. त्यातल्या पट्ट्याच्या, चाकाच्या आणि वाटप करणाऱ्या हाताच्या मोटरी लेनवर खेळ असो वा नसो, लेन सुरू आहे तोवर फिरत राहतात. दोरीच्या यंत्रातली मोटर पिना उचलताना आणि सोडताना तेवढी चालते, बाकी वेळ थंड असते. विजेच्या बिलात हा फरक लपत नाही. बिनदोरीच्या यंत्राचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात आणि ते कस्टममधून सुटेपर्यंत लेनवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लटकत राहते. मी जिथे काम केले तिथे काही लेन अशा पाटीखाली इतके महिने राहिल्या की शेवटी त्यांचे भाग काढून शेजारच्या लेनना लावले गेले.

त्याहून मोठा प्रश्न माणसांचा. बिनदोरीच्या यंत्राचा मेकॅनिक तयार व्हायला वर्षे लागतात. फिरत्या पट्ट्यांजवळ, यंत्र बंद न करता अडकलेली पिन काढण्याचा मोह कुठल्याही फिटरला होतो, आणि पुढे गिऱ्हाईक खोळंबलेले असेल तर तो मोह आवरणे कठीण जाते. या यंत्रांच्या मागची जागा अरुंद असते, आवाज एवढा की शेजारच्या माणसाला खुणेने सांगावे लागते, आणि उन्हाळ्यात तिथे वातानुकूलनही पोहोचत नाही. दोरीच्या यंत्रामागे शांतता असते. दोरी कुठे घासते, कोणती बदलायला आली, हे कानाला आणि डोळ्याला कळते. आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा थोड्या सरावाने ते सांभाळू शकतो. आणि शेवटी येणारे गिऱ्हाईक कोण आहे? वाढदिवसाला आलेली मुले, ऑफिसातली टोळकी, संध्याकाळी फिरायला निघालेली कुटुंबे. त्यांना हवी असते ती चालू लेन. सात लेनपैकी चार बंद असलेल्या ‘खऱ्या’ बोलिंगपेक्षा सातही लेन चालणारे दोरीचे बोलिंग त्यांच्या जास्त उपयोगाचे आहे.

पण ज्यांना हा खेळ खेळ म्हणून खेळायचा आहे, त्यांची गोष्ट निराळी, आणि त्यांचा विचार आपल्याकडे फारसा कोणी करत नाही. बोलिंग १९७८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत आले, १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळले गेले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत त्याचे सामने इंडोनेशियातील पालेम्बांगला झाले. त्यानंतरच्या, चीनमधल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धांत मात्र त्याला जागा मिळाली नाही. अशा अस्थिर स्थितीत आपल्याकडची मुले ज्या लेन उपलब्ध आहेत त्यांवरच सराव करणार. शहरातल्या लेन दोरीच्या होत गेल्या, आणि निवड चाचणी किंवा राष्ट्रीय स्पर्धा मात्र मोकळ्या पिनांवर झाली, तर मुंबईच्या खेळाडूने सरकलेल्या पिनवर स्पेअर साधण्याचा सराव करायचा कुठे? उलट, दोरीवर खेळून १८० ची सरासरी राखणारा मुलगा मोकळ्या पिनांवर १८० वाल्याच्या बरोबरीचा धरला, तर त्याच्यावर अन्याय होतो, कारण वर सांगितलेल्या चाचणीच्या हिशेबाने त्याचा आकडा मुळातच कमी येतो. म्हणजे नुकसान दोन्ही दिशांनी होते.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत, आणि त्या केंद्रचालक, क्रीडा संघटना व आपले वृत्तपत्र या तिघांसाठी आहेत. प्रत्येक केंद्राने प्रवेशद्वारावर आणि पैसे घेण्याच्या खिडकीशी यंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे. त्या पालकांना ते आधी वाचायला मिळाले असते, तर त्यांनी आनंदाने खेळून घेतले असते किंवा सरळ दुसरीकडे गेले असते. दोन्हींत तक्रारीला कारण उरले नसते. दोऱ्यांची लांबी उत्पादकाने सांगितलेल्या मापाची आहे ना, हे ठरावीक काळाने मोजून त्याची नोंद भिंतीवर लावावी. लिफ्टच्या तपासणीची नोंद जशी लिफ्टमध्ये लावलेली असते, तशी ही का असू नये? पडद्यावरचा आकडा चुकला असे खेळाडूने सांगितले तर वाद न घालता तो दुरुस्त करण्याची सूचना काउंटरवरच्या मुलांना द्यावी, कारण वर सांगितल्याप्रमाणे तशी चूक या यंत्रात होऊ शकते आणि ती होण्यात गिऱ्हाइकाचा दोष नसतो.

पालकांनाही एक विनंती आहे. दोरी दिसते म्हणून मुले लेनवरून चालत पिनांपर्यंत जाऊन ती हाताने ओढून पाहतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. लेनवर तेलाचा थर असतो, त्यावर पाय घसरून मागे डोके आपटण्याची शक्यता असते, आणि वरून उतरणारी दीड किलोची पिन कोणाच्या डोक्यावर यावी अशी ती वस्तू नाही. पाहायचेच असेल तर केंद्राच्या माणसाला विचारावे. यंत्र बंद करून मागची बाजू दाखवायला माझ्यासारखा कोणी फिटर तिथे असेल तर तो नाही म्हणणार नाही.

क्रीडा संघटनांनी निवड चाचण्यांच्या पत्रकात यंत्राचा प्रकार नमूद करावा आणि दोन्ही प्रकारांच्या सरासऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. शहरात मोकळ्या पिनांच्या निदान थोड्या लेन तरी चालू राहाव्यात यासाठी केंद्रचालकांशी बोलून सरावाच्या वेळा राखून घ्याव्यात, दुपारच्या रिकाम्या वेळेत का होईना. आणि आपल्या क्रीडापानावर बोलिंगचा निकाल छापताना, क्रिकेटच्या बातमीत खेळपट्टी कशी होती हे जसे एका वाक्यात येते, तसा सामना दोरीच्या पिनांवर झाला की मोकळ्या, एवढा उल्लेख करण्याची सूचना आपण आपल्या वार्ताहरांना द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर,
लालबाग, मुंबई